आत्याबाईंच्या फोनचा ग्लास

मुलगी बघायला येणारी माणसं पूर्वी तिला सुईत दोरा ओवायला लावायची, नाहीतर चालून दाखवायला सांगायची, असं म्हणतात. मला खुटबावच्या पाहुण्यांनी फोनला ग्लास बसवायला लावला. त्यात त्यांना दोष देता येत नाही, कारण माझी कीर्तीच तशी होती.

तळेगाव ढमढेऱ्यात आमचं मोबाइलचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. दुकान दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. बी.कॉम. झाल्यावर 'नोकरी लागेपर्यंत बस' म्हणून त्यानं मला काउंटरवर बसवलं आणि मी बसले ती बसलेच. दादा बोलण्यात पटाईत. गिऱ्हाईक चार्जर मागायला आलं तर त्याच्या गळ्यात कव्हर आणि इअरफोनही मारून पाठवतो. पण त्याचा हात जड आहे. ग्लास बसवायला घेतला की हमखास तिरका. मी बसायला लागल्यावर त्यानं ते काम माझ्याकडं ढकललं आणि माझ्या हाती आयुष्यात पहिल्यांदा असं काही लागलं, की जे आसपास माझ्याइतकं चांगलं कुणालाच येत नव्हतं.

फुल कव्हरेजचा ग्लास, म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंत स्क्रीन झाकणारी काच, बसवणं दिसायला सोपं दिसतं. आधी हात धुवायचे. पंखा बंद करायचा, कारण पंखा धूळ खाली बसू देत नाही. पाकिटातल्या ओल्या कागदानं स्क्रीन पुसायची, मग कोरड्या कागदानं, मग चिकट पट्टीनं उरलेले कण टिपून घ्यायचे. ग्लासच्या पाठीवरचं प्लास्टिक सोलायचं, कॅमेऱ्याच्या ठिपक्याशी वरची कड जुळवायची आणि सोडून द्यायचं. दाबायचं नाही. मध्यावर एकदा बोट टेकवलं की गोंद आपला आपण पसरत जातो, फरशीवर सांडलेलं पाणी पसरतं तसा, आणि कडेला पोचला की काच आहे की नाही हेच कळत नाही. ते बघायला मला फार आवडतं. दिवसातून कितीदाही बघितलं तरी आवडतं.

बबल राहिला तर मात्र माझं डोकं फिरतं. हवेचा बबल असेल तर अंगठ्यानं कडेला रेटता येतो. धुळीचा बबल तसा जात नाही, कारण त्याच्या पोटात कण असतो, आणि कण आहे तोवर बबल आहे. बाकीचे दुकानदार सांगतात, दोन दिवसांनी आपोआप जाईल. जात नाही. मी काच उचलते, कण काढते आणि परत बसवते. रांजणगावच्या कंपनीतली बिहारची पोरं सुट्टीच्या दिवशी जीप करून माझ्याकडं यायची आणि एकमेकांना सांगायची, "दीदी के हाथ का लगाओ, एक भी बबल नहीं आएगा." कांद्याच्या मातीनं भरलेले हात घेऊन एखादा आबा यायचा आणि फोन माझ्यापुढं ठेवून म्हणायचा, "बाये, लाव काच, आन् मला दिसंल आसं कर." मी आधी त्यालाच हात धुवायला लावायची. लोक माझा ओरडा खायचे आणि पुन्हा माझ्याकडंच यायचे.

ही कीर्ती स्थळांपर्यंत पोचली तेव्हा मात्र तिची गत वेगळी झाली. दुकानात बसणारी पोरगी. दिवसभर परक्या पुरुषांचे फोन हाताळणारी. शिरूरकडच्या एका स्थळानं मध्यस्थाजवळ नाक मुरडलं, "लोकांचं फोन उघडून काय काय बघत आसंल, कुनाला ठावं." जणू लोकांच्या फोनात बघण्यासारखं काही असतं. दुसऱ्या एका मुलानं मलाच तोंडावर विचारलं, की लग्नानंतर ही दुकानाची सवय सुटेल ना? तंबाखूचं विचारावं तसं विचारलं त्यानं. तोंडात मळलेली तंबाखू घेऊन विचारलं. मी त्याला म्हणाले, तुमची कधी सुटतीय? ते स्थळ तिथंच संपलं आणि वहिनीनं तीन दिवस माझ्याशी अबोला धरला.

वहिनी वाईट नाही. तिला फक्त मी जायला हवी होते. तिचा धाकटा भाऊ कामाशिवाय बसून होता आणि माझ्या खुर्चीत तो चांगला शोभेल, असं तिचं मत होतं. दादाचं मतही हळूहळू तेच होत चाललं होतं. एकदा सकाळी मी दुकानात आले तर तो पोरगा माझ्या खुर्चीत बसून माझ्याच चिकट पट्ट्यांनी नखं साफ करत होता. आपली खुर्ची आपली नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

म्हणून खुटबावचं स्थळ आलं तेव्हा मला ते हवं होतं. आधीची स्थळं मी जाऊ दिली होती, काही मी घालवलीही होती. हे मला हवं होतं. मुलगा कुरकुंभच्या एमआयडीसीत सुपरवायझर, घरची ऊसशेती, स्वभावानं शांत. बघायला येण्याआधी तो माझ्याशी एकदाच फोनवर बोलला. मी त्याला सरळ सांगितलं, की मला हे काम सोडायचं नाही. तो म्हणाला, "सोडू नका ना. केडगावात स्टेशनजवळ एक गाळा रिकामा हाय, मी बघून ठेवलाय. तिथं तुमचं दुकान टाकू." तुमचं दुकान, असं म्हणाला. मी फोन ठेवला आणि त्या गाळ्यात काउंटर कुठं येईल, उजेड कुठून येईल, पंखा कुठं लावायचा नाही, हे मनात ठरवायला लागले. मुलाचा चेहरा मी अजून पाहिलाही नव्हता, आणि गाळ्यातल्या खिळ्यापर्यंत माझं सगळं ठरलं होतं.

दसरा होऊन गेल्यावरच्या रविवारी पाहुणे आले. आईनं सकाळपासून स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं होतं. पोह्यांना कांदा कापून ठेवलेला, वर पेरायला खोबरं किसलेलं, चहाच्या भांड्यात आलं ठेचलेलं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पण ती बाहेर येणार नव्हती. माझे वडील मी आठवीत असताना गेले. तेव्हापासून आमच्या घरात काही शुभ असलं की आई मागं थांबते. तिला कुणी तसं सांगत नाही, ती आपणहून थांबते. विधवांच्या असल्या प्रथा बंद करायचे ठराव गावोगावी झाल्याचं मी पेपरात वाचते. आमच्या घरात पेपर येतो, ठराव येत नाही.

पाहुण्यांत मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. मुलाची आई स्वभावानं गरीब, घरीच राहिलेली. सगळा कारभार आत्याबाईंचा आहे हे त्या चप्पल काढत होत्या तेव्हाच समजलं, कारण मुलाच्या वडिलांनी त्या कुठं बसतात ते आधी पाहिलं. ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या, आणि बोलण्यात अशी गोडी, की जिनं समोरच्याची चामडी सोलली जाते. त्यांनी आमचा पंखा पाहिला, टीव्ही पाहिला, वडिलांच्या फोटोला घातलेला हार पाहिला आणि मग मला पाहिलं.

"काय गं," त्या पोह्याचा घास तोंडात ठेवूनच म्हणाल्या, "तू ते काच बशिवतीस म्हनं फोनला? बबल येतच न्हाई म्हनं तुझ्या हातनं."

दादा लगेच पुढं झाला. "व्हय आत्या, सगळ्या तालुक्यातनं येत्यात तिच्याकडं."

"मग बशीव की आमच्याबी फोनला." त्यांनी पर्समधून फोन काढून माझ्यापुढं धरला. "तू हुंबऱ्यावरचं माप वलांडायच्या आदी आम्हाला काय बघायचं ते बघू दे."

मुलगा हसला. सगळेच हसले. मलाही खरं तर बरं वाटलं. सुईदोरा नाही, चालून दाखवणं नाही, मला येतं तेच मागितलं होतं. दादानं दुकानातून त्या मॉडेलचे दोन ग्लास आणले, एक फुटलाच तर दुसरा असावा म्हणून. मी हात धुवून आले, बांगड्या वर सारल्या आणि वहिनीला पंखा बंद करायला सांगितला. पाहुणे घामाघूम व्हायला लागले. मी जरीच्या साडीचा पदर खोचला, कारण त्या पदराचे बारीक धागे भुरभुर गळत होते, आणि फोन हातात घेतला.

स्क्रीनवर, वरच्या बाजूला, हळद-कुंकू लावलेलं होतं.

दसऱ्याला आमच्याकडं शस्त्रांची पूजा होते. पूर्वी कोयता, विळा, नांगराचा फाळ पुढं मांडायचे, आता ट्रॅक्टर आणि मोटारीबरोबर फोनही मांडतात. लोक निदान कंपनीच्या प्लास्टिकवर तरी कुंकू लावतात. आत्याबाईंनी ते सोलून, ओल्या बोटानं थेट स्क्रीनवर लावलं होतं. ते वाळून घट्ट खपली झालं होतं, नखाला लागेल एवढं. आणि इतके दिवस त्या बाईनं बोट त्याच्या बाजूबाजूनं फिरवून फोन वापरला होता. मी मनात म्हटलं, ही बाई चिवट आहे.

मी ओला कागद फाडून काढला आणि कुंकवाकडं नेला.

"ए, ए, पुसू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "सवाष्णीच्या हातचं कुंकू हाय ते. पुसत्यात व्हय कुनी? त्याच्यावरनंच बशीव."

"आत्या, त्याच्यावर न्हाई बसायचं. खाली काय असलं की बबल धरतोय."

"मग तुझं कसब काय? निसत्या पुसल्याल्या काचंवर तर कुनीबी बशिवतंय."

मी दादाकडं पाहिलं. तो मला डोळ्यांनी सांगत होता, ऐक. वहिनी सांगत होती, ऐक. मुलगा आपल्या मोज्याकडं बघत होता. ओला कागद माझ्या हातात होता. मला वडील गेले त्या दिवसाची आठवण झाली. न्हाणीपाशी आईला बसवून माझ्या चुलतीनं पदराचा शेव तांब्यात बुडवला होता आणि आईचं कपाळ पुसलं होतं. एकदा पुसून गेलं नाही म्हणून परत बुडवून पुसलं होतं, जोर लावून, भांडं घासतात तसं. मग कपाळावर तेवढीच जागा लाल झाली होती. माझ्या सासरी जाण्याच्या पहिल्याच कामात मला कुंकू पुसायला नको होतं, हे मी कबूल करते. आणि त्याहून जास्त मला तो केडगावचा गाळा हवा होता.

मी कागद खाली ठेवला. कुंकवाच्या आजूबाजूची जागा तेवढी पुसली, कडेचे कण पट्टीनं टिपले, कड जुळवली आणि ग्लास सोडला. गोंद खालून छान पसरत वर आला, आणि कुंकवाशी येऊन थांबला. त्याला बगल देऊन गेला. कुंकवाभोवती बबलचं एक चांगलं टपोरं कडं उभं राहिलं, रुपयाच्या नाण्याएवढं, मधोमध लाल. असलं बेंगरूळ काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

फोन सगळ्यांत फिरला. मुलाच्या वडिलांनी बबलवर अंगठा दाबून पाहिला. आत्याबाईंनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"हे बघ," त्या मुलाला म्हणाल्या, "आन् ह्या जोरावर केडगावला गाळा घ्यायचा म्हनतुयास व्हय रं? निस्तं कुंकवाला घाबरली ही, गिऱ्हाइकाला काय पुरी पडनार?"

मी मुलाकडं पाहिलं. तो काही बोलेल, निदान तूच पुसू नको म्हणालीस म्हणून बबल आला एवढं तरी आत्याला म्हणेल, असं मला वाटलं. तो म्हणाला, "त्या गाळ्याचं काय, बघू पुढचं पुढं."

"पन पोरगी मला पसंत हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "मी आदीच म्हनत व्हते, दुकानात बसून पोरगी शेफारली आसंल. न्हाई तसं. हिला जमत न्हाई तेबी दिसलं आन् जमलं न्हाई तर गप बसती तेबी दिसलं. घरात लई हुशार बाई नगंच. काय वो?" हा 'काय वो' मुलाच्या वडिलांना होता. ते म्हणाले, "तू म्हनशील तसं."

म्हणजे मी पास झाले होते. नापास होऊन पास झाले होते. दादाचा चेहरा असा उजळला की त्याच्याकडं बघवेना. गाळा गेला, हे मला त्याच क्षणी समजलं होतं, पण मी गप्पच बसले. माझं वय, ती खुर्ची, तो नखं साफ करणारा पोरगा, हे सगळं डोळ्यांपुढं होतं. मी स्वतःला समजावलं, की पुढंमागं बोलू, नवरा शांत आहे, वळवू त्याला. मूग गिळायची सवय नसलेल्या माणसानं पहिल्यांदा मूग गिळले की ते घशात अडकतात. ते अडकले होते, पण गिळले होते.

दादा "साखर आणा, साखर" म्हणाला. आणि आई आतून बाहेर आली.

तिच्या हातात साखरेची वाटी होती. ती पडद्यामागून ऐकत होती आणि आनंदाच्या भरात विसरली. इतक्या वर्षांत ती अशी कधी विसरलेली मी पाहिली नाही. तोंडभर हसत ती आत्याबाईंपुढं आली आणि तिनं चिमूट त्यांच्या हातावर ठेवायला वाटी पुढं केली.

आत्याबाईंनी हात मागं घेतला. "थांबा, थांबा विहीणबाई. तुम्ही नगा. ती वाटी सूनबाईच्या हातात द्या."

आई तिथंच थांबली.

"आन् साखरपुड्यालाबी ध्यानात ठेवा," आत्याबाई त्याच गोडीनं म्हणाल्या. "तुम्ही आतच ऱ्हावा. वटी, ववाळनं, सगळं सूनबाई करंल. हळदीला तर पोरीच्या अंगाला हातबी लावू नगा. आमच्यात चालत न्हाई. वाईट वाटून घेऊ नगा बरं का."

"न्हाई वो, वाईट कशाचं," आई म्हणाली. "मलाबी कळतंय की. चुकून आले." तिनं वाटी वहिनीच्या हातात दिली आणि ती मागं सरकत सरकत पडद्यापाशी गेली. पाठ फिरवून गेली नाही, तोंड पाहुण्यांकडं ठेवूनच गेली. वहिनीनं सगळ्यांना साखर वाटली. मुलानं साखर खाल्ली.

"आत्या, फोन द्या जरा," मी म्हणाले. "बबल ऱ्हायलाय."

त्यांना वाटलं, पोरगी पसंतीनं हरखली, सेवा करतेय. त्यांनी हसत फोन दिला. मी नखानं ग्लासचा कोपरा उचलला. काच सोलून आली तेव्हा अर्धं कुंकू तिच्या गोंदाला चिकटून आलं आणि अर्धं स्क्रीनवर राहिलं. ती काच मी ताटलीतल्या उरल्या पोह्यांवर ठेवली. ओला कागद हातात घेतला, आणि पुसलं.

"अगं, अगं," आत्याबाई म्हणाल्या.

मी घाई केली नाही. कागद लाल झाला, तेव्हा दुसरा घेतला. कोपऱ्यात, कानाला लावतात तिथल्या जाळीत हळदीचे कण अडकले होते, ते पट्टीच्या टोकानं एकेक उचलले. दादा उठून उभा राहिला होता, त्याला म्हणाले, "हलू नगं, धूळ उडतीय." आणि तो खरंच हलला नाही. कोरड्या कागदानं पुसलं. उजेडाला तिरका धरून पाहिला. दुसरा ग्लास सोलला, कड जुळवली, सोडला, मध्यावर बोट टेकवलं. गोंद पसरत गेला. मधून वर गेला, मधून खाली गेला, चारी कडांना पोचला आणि थांबला. कण नाही, रेघ नाही, काही नाही. इतका देखणा ग्लास मी त्याआधी क्वचित बसवला असेल.

मी फोन आत्याबाईंच्या हातात ठेवला. म्हणाले, "हे माझं काम."

त्यांच्या गोडीचा कागद आता निघाला होता. पण त्या ओरडल्या नाहीत. असली माणसं ओरडत नाहीत. त्या उठल्या, पदर सारखा केला आणि पडद्याकडं बघत, आईला नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "हिचा काय दोष न्हाई. कुंकू पुसायची रीतच हाय ह्या घरात. आईचं बघून शिकली."

मग त्या निघाल्या. मुलाचे वडील "येतो, येतो" म्हणत त्यांच्यामागं गेले, जणू काही घडलंच नसावं. मुलगा शेवटी निघाला. आत्याबाईंनी फोन त्याच्याकडं दिला होता, तो त्यानं जाताजाता उजेडाला धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि हळूच मला म्हणाला, "भारी बसलाय ओ." त्याच्याशी मी लग्न करणार होते, हे आठवलं की मला अजून हसू येतं, आणि ते हसू चांगलं नसतं.

गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्याचा आवाज गेल्यावर दादानं मला एकच विचारलं, "आता कोन येनार?" उत्तरासाठी थांबला नाही, जाऊन दुकानाचं शटर उघडलं. वहिनी साखरेची वाटी हातात घेऊन बसून राहिली.

मी स्वयंपाकघरात गेले. आई ताटल्या धूत होती. मला वाटत होतं, ती मला जवळ घेईल. काही बोलणार नाही, पण जवळ घेईल. इतक्या वर्षांत तिच्यासाठी कुणी काही केलं नव्हतं, ना दीरानं, ना पोरानं, आणि आज मी चारचौघांत केलं होतं. तिच्या पाठीमागं उभी राहून मी म्हणाले, "आई, तुला तशी बोलली ती, मला ऱ्हावलं न्हाई."

आईनं नळ बंद केला. ज्या ताटलीत मी ती काढलेली काच ठेवली होती, ती तिच्या हातात होती.

"माझ्यासाठी केलं म्हनू नगंस," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"मला मागं थांबा म्हनली, मी थांबले. किती वरसं थांबतीया मी. आजून थांबले आसते, तुझ्या लग्नात बी थांबले आसते, त्यात माझं काय जात व्हतं? तू गेली आसतीस. तुझं घर झालं आसतं." तिचा आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं, तशी बोलत होती. "तुला त्यो बबल बघवंना. म्हनून केलंस तू."

"न्हाई गं आई."

"मी पडद्यातनं बघत व्हते तुझं तोंड. मला ती बया बोलली तवा नव्हं. काच बसली तवा. हसलीस तू."

मला तिचा राग आला. इतका राग मला आत्याबाईंचाही आला नव्हता. मी म्हणाले, खोटं आहे, आणि दुकानात निघून गेले. खुर्चीत बसल्यावर मात्र मला प्रश्न पडला, की गोंद कडेला पोचला त्या क्षणी मला आई आठवत होती का. मी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. गोंद आठवला.

त्या मुलाचं पुढच्याच वैशाखात लग्न झालं. माझी गोष्ट दौंडपर्यंत फिरली, फिरता फिरता तिच्यात भर पडली, आणि मी आत्याबाईंच्या कपाळाचं कुंकू पुसलं असं सांगणारी माणसंही मला भेटली. स्थळं यायची बंद झाली. वहिनीच्या भावाला शेवटी दुसरीकडं काम लागलं, त्यामुळं माझी खुर्ची माझ्याकडंच राहिली. हल्ली पलीकडच्या तालुक्यातूनही लोक ग्लास बसवायला येतात. मी अजून त्यांच्यावर ओरडते.

मागच्या दिवाळीत दादानं आईला नवा फोन घेऊन दिला. तिचा पहिलाच मोठा फोन. मी तिच्यासाठी पेटीतला सगळ्यात चांगला ग्लास बाजूला काढून ठेवला, हात धुवून आले आणि म्हणाले, आई, आण. ती म्हणाली, "नंतर बघू." बाजारच्या दिवशी ती भाजीला गेली आणि फाट्यावर एक माणूस हातगाडीवर कव्हरं विकत बसतो, त्याच्याकडून ग्लास लावून आली. भर उन्हात, जीपांच्या धुळीत लावलेला. एका बाजूला कललेला, आणि खाली बबलच बबल, मसूर सांडावी तसे.

ती रोज दुपारी तो फोन घेऊन दुकानात येते, काउंटरवर माझ्या हाताशी ठेवते आणि चार्जिंगला लाव म्हणते. मी लावते. त्या बबलकडं बघितल्याशिवाय मला राहवत नाही, हे तिला माहीत आहे. एकदा गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी फार सांभाळून म्हणाले, "आई, दे ना, बदलून देते. दोन मिनिटांचं काम हाय."

तिनं फोन उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "मला बबल चालतोय."